राहून गेलेली चित्रं

मोरियाच्या खाणीत बालिनच्या थडग्याजवळ फ्रोडो आणि त्याच्या सोबत्यांना एक वही सापडते. शस्त्रांनी चिरलेली, अर्धवट जळालेली, रक्त सुकून काळी पडलेली. गॅन्डाल्फ तिची पानं जपून सोडवतो आणि लागेल तेवढं मोठ्याने वाचतो. त्या तुटक ओळींतून ड्वार्फांच्या एका अख्ख्या वसाहतीचा शेवट आपल्यासमोर उभा राहतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ज्यांनी मनापासून वाचलं आहे, त्यांच्या मनातून हा प्रसंग जात नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांना मात्र तो नुसता लिहून भागलं नाही. त्यांनी त्या वहीची तीन पानं स्वतः तयार केली. वेगवेगळ्या हातांची वेगवेगळी वळणं काढली, मध्यपृथ्वीच्या लिप्यांत मजकूर लिहिला, कडा फाडल्या, जाळल्या, रक्ताच्या डागांसाठी रंग वापरला. बांधणी उसवून पान सुटलं आहे असं दिसावं म्हणून एका बाजूला ओळीने भोकंसुद्धा पाडली. ही पानं कादंबरीत, त्या प्रसंगाजवळ, जशीच्या तशी छापली जावीत असं त्यांना फार वाटत होतं.

ती छापली गेली नाहीत. लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने मुळात हे पुस्तक तोट्यात जाऊ शकतं असं धरूनच हाती घेतलं होतं. महायुद्धानंतर कागद महाग होता, म्हणून एका सलग कादंबरीचे तीन खंड करावे लागले. पहिला खंड २९ जुलै १९५४ रोजी आला, तिसरा १९५५च्या ऑक्टोबरमध्ये. एकेका खंडाची किंमत २१ शिलिंग. त्यात रंगीत ठशांचा खर्च बसणं शक्यच नव्हतं. टॉल्किन १९७३ साली वारले. त्यांच्या चित्रांचा संग्रह १९७९मध्ये निघाला, त्यात ही पानं होती. पण कादंबरीच्या आत, जिथे त्यांची जागा होती तिथे, ती आली २००४च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत. लेखकाने आपल्या हाताने जाळलेली पानं त्याच्या गोष्टीपर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली.

टॉल्किनच्या एखाद्या पुस्तकाची नवी सचित्र आवृत्ती निघणार अशी घोषणा झाली, की जगभरचे संग्राहक महिनोन्‌महिने तिची वाट पाहतात. गोष्ट त्यांना पाठ असते. कपाटात त्याच पुस्तकाच्या अनेक प्रती आधीपासून असतात. तरीही कागद कुठला, पानं शिवलेली की नुसती चिकटवलेली, चित्रं किती, त्यातली नवी किती आणि जुन्या आवृत्त्यांतून उचललेली किती, यावर त्यांची तासन्‌तास चर्चा चालते. बाहेरून पाहणाऱ्याला हा हौसेचा अतिरेक वाटतो. मला तसं वाटत नाही. या पुस्तकांच्या छपाईचा इतिहास हा बराचसा राहून गेलेल्या चित्रांचा इतिहास आहे. वाट पाहणारा संग्राहक ती थकबाकी मनात धरून बसलेला असतो.

थकबाकीची सुरुवात १९३७ साली झाली. ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने आपल्या मुलांसाठी रचलेली गोष्ट, ‘द हॉबिट’, २१ सप्टेंबर १९३७ रोजी बाजारात आली. छापल्या होत्या १५०० प्रती, किंमत साडेसात शिलिंग. हस्तलिखित छापण्याजोगं आहे की नाही हे ठरवताना प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, ते वाचायला दिलं होतं आणि अभिप्रायाबद्दल एक शिलिंग दिला होता. हाच रेनर पुढे मोठा होऊन ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा प्रकाशक झाला. प्रकाशकाच्या अंदाजपत्रकात चित्रांसाठी पैसे धरलेले नव्हते. टॉल्किन यांनी नकाशे पाठवले, मग शाईने काढलेली काही चित्रं पाठवली, आणि ती पाहिल्यावर प्रकाशकांना नाही म्हणवेना. पहिल्या आवृत्तीत दहा कृष्णधवल चित्रं आणि दोन नकाशे आले. वेष्टणाचं चित्रही टॉल्किन यांचंच.

पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी कमी झालं. वेष्टणावरच्या डोंगररांगांमधला सूर्य आणि ड्रॅगन त्यांना लाल हवे होते. चौथ्या रंगाचा खर्च वाढतो म्हणून लाल गेला. काळा, निळा आणि हिरवा एवढेच उरले. थ्रोरच्या नकाशाची गोष्ट याहून हळहळ वाटावी अशी आहे. कथेत या नकाशावर चंद्रलिपीतली अक्षरं आहेत. नेमक्या तिथीच्या, नेमक्या ऋतूतल्या चंद्रप्रकाशात नकाशा धरला तरच ती दिसतात. टॉल्किन यांची कल्पना अशी होती, की नकाशा पहिल्या प्रकरणात सुटा घालावा आणि ही अक्षरं त्याच्या पाठीमागे छापावी. म्हणजे वाचकाने पान उजेडासमोर धरलं की ती पलीकडून उमटतील, अगदी एल्रॉन्डच्या घरात उमटतात तशी. वाचकाला गोष्टीतल्या पात्राचं काम करायला लावणारी ही युक्ती होती. पुस्तकाच्या छपाईबद्दल एखाद्या लेखकाने इतका सुंदर विचार केल्याची उदाहरणं थोडीच सापडतील. खर्चामुळे तीही बारगळली. नकाशा पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर गेला आणि गुप्त अक्षरं सगळ्यांना उघड दिसतील अशी साधी छापली गेली.

आज त्या पहिल्या आवृत्तीची वेष्टणासह चांगली प्रत हाती आली, की जाणकार आधी वेष्टणाची मागची घडी उलटून पाहतो. तिथल्या मजकुरात लुईस कॅरोलचं खरं आडनाव, डॉजसन, एक अक्षर जास्त घालून छापलं गेलं होतं. चूक लक्षात आल्यावर प्रकाशकाच्या कचेरीत ते अक्षर शाईने, हाताने खोडलं गेलं. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक कारकुनाची शाईची रेघ ही आज खरेपणाची खूण झाली आहे. लंडनमध्ये सोदबीजच्या २०१५च्या लिलावात पहिल्या आवृत्तीची एक प्रत १ लाख ३७ हजार पौंडांना गेली. टॉल्किन यांनी ती लीड्समधल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला स्वतःच्या हस्ताक्षरात जुन्या इंग्रजीतल्या ओळी लिहून भेट दिली होती. ऑगस्ट २०२५मध्ये ब्रिस्टलमधल्या एका घराच्या आवराआवरीत कपाटात सापडलेली दुसरी एक प्रत ४३ हजार पौंडांना विकली गेली. बातम्या अशा रकमांच्याच होतात. माझा जीव मात्र दुसऱ्या मुद्रणात जास्त गुंततो.

कारण रंगीत चित्रं आली ती दुसऱ्या मुद्रणात. अमेरिकेतल्या हूटन मिफ्लिन कंपनीला रंगीत चित्रं हवी होती आणि ती अमेरिकन चित्रकारांकडून करून घ्यायचा त्यांचा विचार होता. टॉल्किन यांनी संमती दिली, पण डिस्नेच्या चित्रशाळेतून आलेलं किंवा तिच्या वळणाचं काहीही चालणार नाही, हे त्यांनी आपल्या प्रकाशकाला निक्षून कळवलं. शेवटी १९३७च्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच जलरंगात चित्रं रंगवली. त्यातली पाच पुस्तकासाठी वापरली गेली: टेकडीवरचं हॉबिटन, रिव्हनडेल, गरुडाशेजारी जागा झालेला नायक बिल्बो, लाकडी तराफ्यांच्या वस्तीकडे पिंपांसोबत वाहत जाणारा बिल्बो, आणि सोन्याच्या राशीवर पसरलेला स्मॉग ड्रॅगन. ब्रिटिश मुद्रणात गरुडाचं चित्र नव्हतं, अमेरिकन आवृत्तीत तराफ्यांचं नव्हतं. पाचही जुन्या छपाईत हवी असतील, तर महासागराच्या दोन्ही बाजूंची पुस्तकं मिळवावी लागतात.

१९३७च्या नाताळाच्या सुमारास आलेल्या या ब्रिटिश दुसऱ्या मुद्रणाच्या २३०० प्रती छापल्या होत्या. सगळ्या एकदम बांधल्या नव्हत्या. नोव्हेंबर १९४०मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले चालू असताना बाइंडरच्या गोदामात पडून राहिलेल्या ४२३ प्रतींचे सुटे फर्मे नष्ट झाले. नंतर युद्धकाळातल्या कागदाच्या टंचाईत रंगीत चित्रं पुन्हा गळाली. १९४२ सालच्या मुद्रणात शीर्षकपानासमोरचं एकच रंगीत चित्र उरलं होतं. लेखकाने वाचकासाठी केलेल्या पाच चित्रांवर एका जागतिक युद्धाने असा हात फिरवला.

आता थोडं त्या चित्रांबद्दल. टॉल्किन स्वतःला शिकाऊ समजत, आणि माणसांच्या आकृत्या आपल्याला जमत नाहीत हे ते उघड सांगत. ते खरंही आहे. ट्रोलांच्या चित्रात जेनी हार्बर या चित्रकर्तीच्या एका परीकथेतल्या चित्राची रचना त्यांनी घेतली आहे. जागा झालेल्या बिल्बोशेजारचा गरुड त्यांनी आर्चिबाल्ड थॉर्बर्नच्या पक्षिचित्रावरून उतरवला. पण डोंगर, झाडं, पाणी, धुकं आणि इमारतींच्या आतलं अंतर यांवर त्यांची हुकमत होती. रेघ जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांसारखी सपाट आणि निर्भय चालते. स्मॉगच्या चित्रात अदृश्य झालेला बिल्बो दाखवायचा कसा, हा प्रश्न होता. त्यांनी त्याला एका धूसर वर्तुळात नम्रपणे वाकलेला असा काढला, इतका लहान की ड्रॅगनच्या लालसोनेरी वेटोळ्यापुढे तो नजरेतून निसटावा. माणसं काढता येत नसल्यामुळे त्यांनी ती लहान ठेवली, आणि लहान ठेवल्यामुळे त्यांचे चेहरे वाचकाच्या ताब्यात राहिले. मला ही उणीव या गोष्टीच्या फार उपयोगी पडली असं वाटतं.

त्यांचं स्वतःचं मतही याच दिशेचं होतं. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं. १९४७मध्ये ते निबंधरूपात छापलं गेलं. चित्रं स्वतः कितीही चांगली असली तरी परीकथेला त्यांचा फारसा फायदा होत नाही, असं त्यांनी त्यात मांडलं. गोष्टीत डोंगर किंवा नदी आली की प्रत्येक ऐकणारा आपल्या आयुष्यात पाहिलेली टेकडी आणि नदी तिथे आणून ठेवतो. चित्रकार मात्र एकच टेकडी दाखवू शकतो, असा त्यामागचा विचार. ज्याने आपल्या गोष्टीची शंभराहून जास्त चित्रं, रेखाटनं आणि नकाशे काढले, तोच हे म्हणतो. हा विरोधाभास संग्राहकांना चांगला ठाऊक असतो. नवी आवृत्ती जाहीर झाली की पहिला खरा प्रश्न किंमतीचा नसतोच. चित्रकार कुठे थांबला आहे, हा असतो. बॅलरॉगला पंख दिले आहेत का? साउरॉनचा चेहरा दाखवायचं धाडस केलं आहे का? गोलमचं काय केलं आहे?

गोलमचा, म्हणजे बिल्बोला गुहेत भेटणाऱ्या प्राण्याचा, प्रश्न तर थेट मूळ संहितेपर्यंत पोचलेला आहे. १९६०च्या सुमारास स्वीडनमध्ये राबेन अँड शग्रेन या प्रकाशनसंस्थेत ॲस्ट्रिड लिंडग्रेन बालपुस्तकांच्या संपादक होत्या. स्वतः ‘पिपी’सारखं अजरामर पात्र लिहिणाऱ्या. त्यांनी ‘हॉबिट’च्या नव्या स्वीडिश अनुवादासाठी चित्रकार म्हणून निवडलं तूवे यान्सन यांना, म्हणजे ‘मूमिन’च्या जन्मदात्रीला. आवृत्ती १९६२मध्ये आली. यान्सन यांनी निसर्ग प्रचंड केला, पात्रं मुंगीएवढी केली, वादळं आणि गुहा जिवंत केल्या. आणि गोलमला राक्षसासारखा अवाढव्य केला, डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घातलेला. बिल्बो त्याच्यासमोर चिमुकला दिसतो. पुष्कळ वाचक चक्रावले. पण यान्सन यांची चूक काय होती? तोवरच्या मजकुरात गोलमच्या आकाराबद्दल स्पष्ट शब्द नव्हताच. १९६६मध्ये टॉल्किन यांनी पुस्तकाची सुधारित आवृत्ती केली तेव्हा गोलमच्या वर्णनात तो लहान असल्याचा शब्द आला. लेखकाने मोकळी ठेवलेली जागा एका चित्रकर्तीने मनाप्रमाणे भरली होती. ती जागा आता लेखकाने बंद केली. यान्सन यांची चित्रं असलेली स्वीडिश आणि १९७३ची फिनिश आवृत्ती आज संग्राहक जिवापाड जपतात. मला स्वतःला त्या चित्रांतली वादळं टॉल्किनच्या जगाच्या फार जवळची वाटतात, गोलम कितीही मोठा झाला असला तरी.

सगळ्याच चित्रकारांचं लेखकाशी इतकं जमलं नाही. जर्मन चित्रकार होरुस एंगेल्स यांची रेखाटनं टॉल्किन यांना फार डिस्नेछाप वाटली होती. त्यात बिल्बोचं नाक गळतं आहे आणि गॅन्डाल्फ हास्यास्पद झाला आहे, अशी त्यांची तक्रार होती. तरी १९५७च्या जर्मन आवृत्तीत एंगेल्स यांचीच चित्रं आली. मॉरिस सेन्डॅक यांनी ‘हॉबिट’ सचित्र करावं अशी बोलणी साठच्या दशकात चालली होती. १९६७मध्ये इंग्लंडमध्ये असताना सेन्डॅक यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते काम कधीच झालं नाही. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’चा चित्रकार आणि बिल्बो, ही जोडी होता होता राहिली याची खंत संग्राहकांच्या बोलण्यात आजही येते. याउलट पॉलिन बेन्स यांचं काम टॉल्किन यांना मनापासून आवडलं. १९४९च्या ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’साठी त्यांनी मध्ययुगीन हस्तलिखितांच्या कडेला असतात तशी चित्रं काढली होती. ती पाहूनच सी. एस. लुईस यांनी त्यांना ‘नार्निया’कडे नेलं.

मग डेन्मार्कची राजकन्या. मार्ग्रेथे यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचून काढलेली चित्रं १९७०च्या सुमारास टॉल्किन यांच्याकडे पाठवली. १९७२मध्ये त्या राणी झाल्या. १९७७मध्ये डॅनिश आवृत्तीत आणि लंडनच्या फोलिओ सोसायटीच्या तीन खंडांत ती चित्रं आली ती ‘इंगाहिल्ड ग्राथमर’ या टोपणनावाने. फोलिओसाठी ती एरिक फ्रेझर या कसलेल्या इंग्रज रेखाटनकाराने पुन्हा काढली. एका राज्यकर्त्या राणीने सचित्र केलेली कादंबरी, आणि वाचकांना तिचं नाव ठाऊक नाही! हे खंड जुन्या बाजारात अजून मिळतात आणि तुलनेने स्वस्तात मिळतात. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याने कोट्यवधींच्या गप्पा ऐकत बसण्यापेक्षा इथून सुरुवात करावी, असं मी नेहमी सांगते.

आज ज्याच्या नावावर सगळी वाट पाहणं एकवटलं आहे तो चित्रकार म्हणजे ॲलन ली. टॉल्किन यांची जन्मशताब्दी १९९२मध्ये होती. तिच्या निमित्ताने हार्परकॉलिन्सने १९९१ साली एका खंडातली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची आवृत्ती काढली, त्यात ली यांची ५० जलरंगचित्रं होती. डेव्हनमधल्या डार्टमूरच्या ओल्या, शेवाळलेल्या रानाशेजारी राहणाऱ्या या माणसाने मध्यपृथ्वी त्याच हवेत रंगवली. राखाडी, तपकिरी, फिकट हिरवा. भडक रंग जवळजवळ नाहीत. त्यांची सर्वांत मोठी समज अंतराची आहे. लढाया लांबून दिसतात. पात्रं पाठमोरी, झाडांच्या सावलीत, पुलाच्या टोकाशी उभी असतात. लेखक बोलत असताना चित्रकाराने मध्ये पडू नये, ही जाण त्या प्रत्येक चित्रात आहे. १९९७मध्ये ‘हॉबिट’ही त्यांनी सचित्र केलं. पीटर जॅक्सनने चित्रपट करायला घेतले तेव्हा त्याने ली आणि जॉन हाउ या दोघांना न्यूझीलंडला बोलावून घेतलं. तिसऱ्या चित्रपटासाठी ली यांना २००४मध्ये कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. त्यामुळे ज्यांनी पुस्तक कधी उघडलंही नाही त्यांच्याही डोळ्यांपुढची मिनास तिरिथ बऱ्याच प्रमाणात ली यांच्या कुंचल्यातून आलेली आहे.

म्हणूनच २०२२मध्ये फोलिओ सोसायटीने ली यांच्या नव्या चित्रांसह ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची मर्यादित आवृत्ती जाहीर केली, तेव्हा संग्राहकांच्या जगात खळबळ उडाली. १००० प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि चित्रकाराची सही. तीस वर्षांनी तोच हात त्याच प्रसंगांकडे परत कसा पाहतो, हे पाहायला मिळणार होतं. ही खरी उत्कंठा होती आणि ती चित्राचीच होती. प्रती बघता बघता संपल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांची हळहळ मी समजू शकते.

पण त्या हजारांपैकी काही प्रती लगेच कितीतरी चढ्या भावाने पुन्हा विक्रीला आल्या, आणि इथे माझा राग आहे. प्लास्टिकचं वेष्टण न फाडता, पेटी न उघडता पुस्तक विकणारा माणूस संग्राहक नाही. त्याने त्या पुस्तकाची जागा अडवून ठेवली, एवढंच. खरा संग्राहक पुस्तक आल्या दिवशी ते पेटीतून काढतो, हात धुऊन, पुसून. बांधणी सैल होऊ नये म्हणून पुढची-मागची पानं थोडी थोडी करून हलक्या हाताने उघडतो. कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ असते. तिच्यात १ आहे का, म्हणजे पहिलं मुद्रण आहे का, हे पाहतो. मग चित्रांकडे जातो, आणि प्रत्येक चित्र समोरच्या मजकुराशी ताडून पाहतो. वेन हॅमंड यांनी डग्लस अँडरसन यांच्या साहाय्याने १९९३मध्ये टॉल्किनच्या पुस्तकांची वर्णनात्मक सूची केली. कुठल्या मुद्रणात कुठला ठसा, कुठली चूक, कुठलं कापड, सगळं त्यात आहे. ती सूची हातात घेऊन एकेक प्रत तपासणारी माणसं ही या पुस्तकांची खरी राखणदार आहेत. वेष्टणाचा लाल रंग, नकाशाच्या पाठीची अक्षरं, जळकी पानं हे सगळं आज आपल्याला इतक्या बारकाव्याने माहीत आहे ते अशा वाचकांमुळे आणि हॅमंड व क्रिस्टिना स्कल यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे.

थकबाकीची सर्वांत मोठी फेड २०२१च्या ऑक्टोबरमध्ये झाली असं मी मानते. हार्परकॉलिन्सने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची, लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रांसह पहिली आवृत्ती काढली. त्याआधी २०१८मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात टॉल्किन यांच्या चित्रांचं आणि हस्तलिखितांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. पुढे ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात गेलं, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही मोठं प्रदर्शन भरलं. त्यातून लोकांना कळलं, की ‘हॉबिट’सारखीच याही कादंबरीसाठी त्यांनी चित्रं काढली होती, फक्त ती कधी छापायची म्हणून कोणी मागितली नाहीत. बराडडूरचा काळा बुरूज. लोथलोरियनचं सोनेरी वसंतातलं रान. ओल्ड मॅन विलो. ऑर्थांकची अनेक रूपं, एक रद्द करून दुसरं. या आवृत्तीत तीस रंगीत चित्रं, नकाशे आणि रेखाटनं घेतली. मजकूर दोन रंगांत छापला. आणि बालिनच्या थडग्याजवळच्या वहीची ती तीन जळकी पानं आपल्या जागी, रंगांत. २०२२मध्ये ‘सिल्मरिलियन’ आणि २०२३मध्ये ‘हॉबिट’ अशाच तऱ्हेने आलं. यांना कुणाची सही नाही, क्रमांक नाही, नेहमीच्या दुकानात मिळतात. हजार प्रतींच्या आवृत्तीपेक्षा ही आवृत्ती मला मोठी वाटते, कारण १९५४मध्ये ज्याला २१ शिलिंग जमवून एक खंड घ्यावा लागला असता, अशा वाचकासाठीच टॉल्किन ती पानं जाळत बसले होते.

आपल्याकडे या वाट पाहण्याला आणखी काही पदर आहेत. परदेशी प्रकाशकाकडून जड पुस्तक मागवायचं तर टपालखर्च पुस्तकाच्या जवळपास जातो. २०१९च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागू झालं. पेटी कोपऱ्यात चेपून आली की जीव चुटपुटतो. मग मुंबई, रत्नागिरी, पणजीची हवा. चार महिने पाऊस, आणि आर्टपेपरवर तपकिरी ठिपके उमटायला तेवढे पुरतात. कापडी बांधणीला बुरशी, शिवणीत कसर. इथले संग्राहक कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, पावसाळ्यानंतर पुस्तकं बाहेर काढून सावलीत, उन्हात कधीही नाही, एक दिवस वाऱ्याला लावतात. टॉल्किन मराठीत वाचायचा असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद आहे. एवढ्या अवाढव्य कादंबरीला मराठीत आणणं ही जिद्दीची गोष्ट आहे.

आणि आता जे पुढे आहे ते फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं आहे. लुईस कॅरोलच्या ‘ॲलिस’चा ब्रिटनमधला कॉपीराइट १९०७मध्ये संपला, आणि त्याच वर्षी आर्थर रॅकहॅमसह कितीतरी चित्रकारांच्या नव्या ‘ॲलिस’ बाजारात आल्या. तोवर तिचा चेहरा म्हणजे जॉन टेनियलने काढलेला चेहरा, एवढंच लोकांना माहीत होतं. टॉल्किनबाबत ब्रिटनमध्ये तसं व्हायला २०४३ संपावं लागेल, कारण तिथे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क टिकतो. तोपर्यंत कुठली सचित्र आवृत्ती निघावी हे वारस आणि त्यांचे परवानाधारक प्रकाशक ठरवणार. भारतात मात्र मुदत ६० वर्षांची आहे. टॉल्किन १९७३मध्ये वारले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचा इथला हक्क ३१ डिसेंबर २०३३ रोजी संपतो. नावांच्या व्यापारचिन्हांचे प्रश्न वेगळे राहतील. पण १ जानेवारी २०३४पासून ‘हॉबिट’ची नवी सचित्र आवृत्ती पुण्यातला, कोल्हापुरातला किंवा मडगावातला प्रकाशक काढू शकेल, आणि तेही त्या पुस्तकाच्या शताब्दीच्या जवळजवळ पावणेचार वर्षं आधी. आजच्या मराठी चित्रकारांपैकी कुणीतरी मिस्टी माउंटन्समधली गुहा सह्याद्रीतल्या पावसाळी गुहेसारखी काढेल, स्मॉगचं सोनं आपल्या नजरेने रंगवेल, आणि थ्रोरचा नकाशा सुट्या पानावर छापून चंद्रलिपीतली अक्षरं त्याच्या पाठीवर घालील. त्यासाठी चांगला कागद, चांगला मुद्रक आणि शिवून बांधणारा बाइंडर शोधायचं काम आतापासून करायला हवं. आर्टपेपरवर चार रंगांची सुबक छपाई आपल्याकडे होते, शिवून बांधणी करणारे मात्र कमी होत चालले आहेत. ज्यांना हे काम येतं त्यांच्याकडे कुणीतरी आजच जाऊन बसावं.